तांदूळ बंद करू नका

नाशिकच्या एका आईचं चार पानी पत्र आलंय. थोडक्यात असं:

"माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. मे महिन्यात एका लग्नाहून आलो आणि त्याला जुलाब-उलट्या झाल्या. त्या थांबल्या, पण शाळा सुरू झाल्यापासून आठवड्यातून तीन-चारदा सकाळी पोट दुखतं म्हणून रडायला लागला. कोपराच्या आतल्या बाजूला बाळपणापासून खाजरे चट्टे आहेत. ओळखीतल्या एकीने सांगितलं म्हणून घरी माणूस बोलावून रक्ताची 'फूड इन्टॉलरन्स' तपासणी केली. ९६ पदार्थांपैकी २३ लाल निघाले. दूध, दही, पनीर, गहू, अंडं, शेंगदाणे, तूरडाळ, टोमॅटो, केळं आणि आणखी कायकाय. जूनअखेर सगळं बंद केलं. तीन आठवडे फार बरं गेलं. आता पाच महिने झाले, पोट पुन्हा दुखतं आणि वजन २१ किलोवरून साडेएकोणीसवर आलंय. दिवाळीत त्याने मित्राकडे चोरून करंज्या आणि बिस्किटं खाल्ली. मला दोन दिवसांनी कळलं. मी त्याला खूप ओरडले आणि रात्रभर रडले. सासूबाई म्हणतात, हे सगळं थोतांड आहे. रिपोर्टात तांदूळ पिवळ्या रंगात आहे. आता तोही बंद करून बघू का?"

ताई,

नाही. तांदूळ बंद करू नका. तांदूळच काय, आता यापुढे एकही पदार्थ कमी करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण आज संध्याकाळी कुकर लावायचा की नाही हे तुम्हाला लगेच हवंय. लावा.

आणि याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. या वयाचं मूल वर्षाला दोन किलोच्या आसपास वाढतं. तुमचा मुलगा पाच महिन्यांत वाढायच्याऐवजी दीड किलोने उतरलाय. पोटदुखीपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. जाताना लसीकरणाचं कार्ड, शाळेत झालेल्या तपासणीचा कागद, जिथे जिथे जुनं वजन आणि उंची लिहिलेली असेल ते सगळं घेऊन जा. वजन घटलं ते पदार्थ बंद केल्यावर की त्याच्या आधीपासून, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळेल. तो रात्री झोपेतून पोट धरून उठतो का, शौचातून रक्त जातं का, वारंवार ताप, उलट्या, तोंड येणं, सांधे दुखणं असं काही आहे का, हे त्यांना न विचारता सांगा. यातलं एक जरी असलं तरी आहाराचे प्रयोग मागे ठेवून आधी तपासण्या करायच्या.

आता त्या रिपोर्टाबद्दल. अशा बहुतेक रिपोर्टांवर कुठेतरी बारीक अक्षरात 'आयजीजी' लिहिलेलं असतं, तुमच्यावरही बघा. आपण जे अन्न खातो, त्याच्याशी शरीराची ओळख होते आणि त्या ओळखीच्या खुणा रक्तात राहतात. आयजीजी म्हणजे साधारण तेवढंच. हा पदार्थ शरीराला ठाऊक आहे, एवढं ती तपासणी सांगते. तो सोसत नाही, असं ती सांगू शकत नाही. म्हणूनच युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ साली स्पष्ट सांगितलं, की अन्न सोसतं की नाही हे ठरवायला ही तपासणी वापरू नका. तुमची लाल यादी पुन्हा वाचा. दूध, गहू, तूरडाळ, शेंगदाणे, टोमॅटो, केळं. ही तर आपल्याकडच्या रोजच्या ताटाची यादी आहे! मग हिरव्या रंगात काय आहे ते बघा. तिथे त्याने कधी चाखलेही नसतील असे पदार्थ बरेच सापडतील. गेले पाच महिने तो भातावर आहे. आज तीच तपासणी पुन्हा केलीत, तर तांदूळ पिवळ्याचा लाल झालेला दिसला तरी मला नवल वाटणार नाही.

तुम्ही फसलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. रंगीत तक्ता हातात पडला की कुठल्याही आईचा त्यावर विश्वास बसतो. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन आया असा कागद घेऊन येतात, आणि त्यात शिकलेल्या, विचार करणाऱ्या बायकाच जास्त असतात.

पण सासूबाई म्हणतात तसं सगळंच थोतांड नाही. संशयाचा पदार्थ काही दिवस ताटातून काढून बघायचा, ही पद्धत खरी आहे आणि शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत अल्बर्ट रो नावाच्या डॉक्टरांनी १९२०च्या दशकात ती शिस्तीत बसवली. दुधाच्या काही त्रासांत आजही हाच मार्ग आहे, कारण त्यांना रक्ताची तपासणीच नाही. फक्त या पद्धतीचे दोन भाग आहेत. काढणं हा पहिला. परत देणं हा दुसरा, आणि निदान होतं ते दुसऱ्या भागात. तुम्ही पहिला भाग पाच महिने केलात. दुसरा अजून सुरूच झालेला नाही.

परत देण्याला एवढं महत्त्व का, ते सांगते. नेदरलँड्समध्ये हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात विलेम डिके नावाचे डॉक्टर होते. पोट फुगलेली, सतत जुलाब होणारी, वाळत जाणारी काही मुलं त्यांच्याकडे असायची. गव्हामुळे हे होतंय असा त्यांना युद्धाच्या आधीपासून संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, पाव मिळेना. लोक काहीबाही खाऊन जगत होते, आणि त्या दिवसांत ही आजारी मुलं मात्र सुधारायला लागली. तेवढ्यावर कुणी म्हणालं असतं, की योगायोग असेल. पण पाव परत आला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. संशय पक्का झाला तो पाव परत आल्यावर. आज आपण ज्याला सीलिअ‍ॅक म्हणतो, त्याचं कारण असं सापडलं.

तुमच्या घरात काय झालं ते या नजरेने बघू. मेमध्ये जुलाब झाले. जुलाबांनंतर आतड्याचं आतलं अस्तर काही आठवडे कच्चं असतं आणि दुधातली साखर, लॅक्टोज, नीट पचत नाही. दूध प्यायलं की पोट फुगतं, दुखतं, पातळ होतं. हा तात्पुरता त्रास असतो, बहुतेक मुलांत काही आठवड्यांत आपोआप जातो. तुम्ही जूनअखेर सगळं बंद केलंत आणि जुलैत त्याला बरं वाटलं. ते २३ पदार्थ काढल्यामुळे, की एकटं दूध काढल्यामुळे, की आतडं तेव्हा तसंही बरं होत आलं होतं म्हणून? एकदम सगळं काढल्यावर हे सांगता येत नाही. मीही सांगू शकत नाही.

आणि आता तेच सगळं बंद असताना पोट पुन्हा दुखतंय, याचा अर्थ नीट लावा. ते पदार्थ ताटात नाहीत, दुखणं आहे. मग सध्याच्या दुखण्याचं कारण बहुधा त्या यादीत नाही.

एक प्रश्न विचारते. चार पानांत तुम्ही मुलाचा पाच महिन्यांचा आहार लिहिलात, अगदी दुधीची भाजी कुठल्या वारी केली तेही. पण तो शौचाला कधी जातो, याची एक ओळ नाही. सकाळची शाळा, सातला रिक्षा, त्याआधी दप्तर, मोजे, डबा. शाळेतल्या संडासात जायला ही मुलं तयार नसतात, दुपारपर्यंत दाबून धरतात, आणि मग तीच सवय होते. सकाळी बेंबीभोवती दुखतं, रविवारी दुखत नाही. माझ्याकडे पोटदुखीसाठी येणाऱ्या मुलांत बद्धकोष्ठ फार मोठ्या संख्येने निघतं, आणि घरच्यांचा विश्वास बसत नाही, कारण "तो जातो की रोज". रोज खडा पडतो, पण पोट साफ होत नाही. त्यात तुमच्या मुलाच्या ताटातून केळं गेलं, पोळी गेली, तूरडाळ गेली आणि उरलं भात-बटाटा-दुधी. डॉक्टरांना हे नक्की तपासायला सांगा. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, तेही सांगा. १० फेब्रुवारीला शाळेत गोळी देतात तेव्हा तो हजर होता का, आठवून बघा.

आता परत देण्याचा क्रम. तो लिहून डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या होकारानेच सुरू करा.

तूरडाळ, टोमॅटो, केळं आणि (गहू, दुधाचे पदार्थ, अंडं, शेंगदाणे सोडून) यादीतलं असं बाकीचं सगळं, ज्याचा रिपोर्ट येण्याआधी तुम्हाला स्वतःला कधी संशयही आला नव्हता, ते डॉक्टरांनी हो म्हटलं की लगेच ताटात येऊ दे. त्यासाठी प्रयोग नको.

मग गहू. गहू आधी घेण्याचं कारण असं, की वजन उतरलंय, त्यामुळे सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी डॉक्टर बहुतेक सांगतील. ती तपासणी गहू पोटात जात असतानाच खरी येते. पाच महिने गहू बंद असताना केली आणि ठीक आली, तर त्याला अर्थ नाही. म्हणून आधी साधारण सहा आठवडे रोज, एकापेक्षा जास्त वेळेला गहू खायला द्यायचा आणि मग रक्त द्यायचं. एकदा सीलिअ‍ॅक निघालं की गहू जन्मभर बंद, म्हणून अंदाजाने चालत नाही. एक सहज विचारते, फोडणीत हिंग घालत होतात ना? बाजारातल्या बऱ्याचशा हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीची मागची बाजू वाचा. तुमच्याकडे गहू पूर्ण बंद झालाच नसेल.

गहू परत देताना, ते सहा आठवडे मोजायला लागण्याआधी, एक युक्ती करा. थालीपिठाचं पीठ मुलाच्या बाबांना भिजवायला सांगा. तीन दिवस नुसतं ज्वारी-तांदळाचं, तीन दिवस त्यात गव्हाचं पीठ मिसळून. कुठल्या तीन दिवसांत काय, ते फक्त त्यांना ठाऊक. वही तुम्ही लिहायची. असं का, तर तुम्ही त्याच्याकडे प्रत्येक घासाला ज्या नजरेने बघता, ती नजर तो वाचतो. माझ्यासमोर एका मुलीने अर्धी पोळी खाल्ली, आईकडे बघितलं आणि पोटाला हात लावला. आईने विचारायच्या आधी. तिचं दुखणं खोटं नव्हतं, भीतीनेही पोट खरंच दुखतं. पण पुढच्या आठवड्यात आजीने कणिक मिसळलेली धिरडी घातली, ती तिने तीन-तीन खाल्ली आणि खेळायला पळाली.

वहीत फार काही लिहायचं नाही. तारीख, नवीन काय आणि किती दिलं, पोट दुखलं तर किती वाजता, शौच कसं झालं, झोप, खाज. त्या दिवशी शाळा होती की सुट्टी, हे विसरू नका. रोज चार ओळी पुरतात. परीक्षा, सर्दी-ताप, घरी पाहुणे अशा दिवसांत नवीन काही सुरू करू नका. नाहीतर वहीत पाहुण्यांचा गोंधळ येतो आणि दोष गव्हाला जातो.

गहू सुरळीत झाला की दूध. आधी दही, कारण त्यात लॅक्टोज कमी असतं. पहिल्या दिवशी दोन चमचे, दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी, मग वाटीभर. तीन-चार दिवस जाऊ द्या, कारण चट्ट्यांची खाज उशिरा वाढते. मग पाव कप दूध, तेही रिकाम्या पोटी नको, खाण्याबरोबर. मग अर्धा कप, मग कप. कुठे त्रास झाला तर थांबा, आठवडाभराने तेवढंच पुन्हा देऊन बघा. दोनदा तसंच झालं तर ते खरं मानायचं. आणि तेव्हाही बहुतेकदा मर्यादा प्रमाणाची असते. माझ्याकडचा एक मुलगा अर्धा कप दूध आणि हवं तेवढं ताक आनंदाने पितो, सकाळचा मोठा पेला मात्र त्याला सोसत नाही. त्याच्या घरी वर्षभर दुधाचा थेंब बंद होता.

मध्ये कुणी शेळीचं दूध सुचवेल. दुधाची खरी अ‍ॅलर्जी असेल तर शेळीचंही चालत नाही, दोन्हींतली प्रथिनं फार सारखी असतात. आणि त्रास लॅक्टोजचा असेल, तर ते शेळीच्या दुधातही असतंच. तो खर्च करू नका.

अंडं आणि शेंगदाणे मात्र घरी आपल्या मनाने परत सुरू करायचे नाहीत. खरं तर दह्याचे ते पहिले दोन चमचेसुद्धा डॉक्टरांनी 'घरी द्या' म्हटल्यावरच. हे कळकळीने सांगते. ज्या मुलांना असे चट्टे, म्हणजे एक्झिमा असतो, त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत असं झालंय, की पूर्वी सहज खात असलेला पदार्थ कित्येक महिने बंद ठेवला आणि परत दिल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. खात राहण्यानेच शरीर तो पदार्थ आपला मानतं. लंडनमध्ये चट्टे किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या सहाशेहून जास्त तान्ह्या मुलांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी टाळणाऱ्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे 'काही दिवस बंद ठेवू, नुकसान तर नाही' हे खरं नाही. नुकसान होऊ शकतं. तुमचा मुलगा आधी शेंगदाण्याची चटणी खायचा, तेव्हा भीती कमी आहे. तरी डॉक्टर ठरवतील, आधी आयजीईची, म्हणजे खऱ्या अ‍ॅलर्जीच्या खुणा शोधणारी, रक्ततपासणी करायची का आणि पहिला घास दवाखान्यात द्यायचा का. आयजीई वेगळी, आयजीजी वेगळी. चिठ्ठीवर नीट बघा. आणि केव्हाही, काहीही खाल्ल्यावर मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत ओठ-चेहरा सुजला, आवाज बसला, श्वासात घरघर आली, मूल एकदम मलूल झालं, तर वही, लिंबूपाणी, फोनाफोनी काही नाही. थेट जवळचं मोठं रुग्णालय.

दूध पूर्ववत होईपर्यंत कॅल्शियमचं बघा. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ६५० मिलिग्रॅम लागतं, असं आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं सांगणं आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. नाचणीची भाकरी किंवा सत्त्व, आणि जेवणात तिळाची चटणी ठेवा. तीळ त्याने आधी खाल्लेले असतील आणि मधे बंद झाले नसतील तरच, नाहीतर तेही डॉक्टरांच्या यादीत घाला. नुसत्या नाचणीवर भरपाई होत नाही, म्हणून गोळी किंवा औषध लागेल का, ते विचारा.

शेवटी त्या करंज्या. तुम्ही त्या पाप मानता, मला त्यात तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची माहिती दिसली. करंजीत मैदा किंवा रवा असतो, कणिक बहुतेक घरी दुधात भिजवतात. बिस्किटाच्या पुड्यावर वाचा, गहू आणि 'मिल्क सॉलिड्स' मिळतील. हे पोटात गेलं आणि तुम्हाला दोन दिवस पत्ता लागला नाही. तो रडला नाही, खाजवत बसला नाही, तुमचं लक्ष जाईल असं काही झालंच नाही. यावरून सगळं सिद्ध होत नाही, पण डॉक्टरांना ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगा. मित्राकडे अजून काय काय खाल्लं, तेही त्याला प्रेमाने विचारा. शेंगदाण्याची चिक्की खाल्ली असेल तर कळणं फार गरजेचं आहे, आणि ओरडा बसेल असं वाटलं तर तो सांगणार नाही. त्याच्याजवळ बसून म्हणा, "मी चिडले ते चुकलं. तू काय खाल्लंस ते सांगितलंस तर आपल्याला मदत होईल." सात वर्षांचं मूल हे समजू शकतं.

सासूबाईंनाही यात घ्या. परत देण्याच्या भागात त्यांच्या हाताची गरज लागणार आहे. दह्याचे दोन चमचे मोजून द्यायचं आणि वेळ सांगायचं काम त्यांच्याकडे सोपवा.

डॉक्टरांकडे जाऊन आलात आणि त्यांनी हो म्हटलं, की त्याच दिवशी दुपारी वरणभात करा. तुरीच्या डाळीचं वरण, वर लिंबू. तूप अजून नको, ते दुधाबरोबर येईल. महिन्याने त्याचं वजन आणि वहीतली पहिली दोन पानं मला पाठवा, मी वाट बघते.